मूठभरांची शाळा

गोव्याहून बालाघाटला जायचे तर मिरजेला महाराष्ट्र एक्स्प्रेस धरावी. ती सगळा महाराष्ट्र आडवा कापत गोंदियाला नेऊन सोडते. गोंदियाहून पुढे एकेकाळी नॅरोगेजची छोटी गाडी जायची, आता ब्रॉडगेज झाली आहे. तास-दीड तासात बालाघाट येते. राज्य बदलले, पाट्या हिंदी झाल्या, एवढेच. बाजारात कान देऊन ऐकावे तर हिंदीच्या मधूनमधून पोवारी ऐकू येते, गोंडी ऐकू येते आणि आपली मराठीही ऐकू येते. कारण उघड आहे. १९५६ साली राज्य पुनर्रचना होईपर्यंत या जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. नागपूर महाराष्ट्राच्या वाटेला लागले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. नकाशावरची रेघ माणसांना विचारून ओढत नाहीत, हे आम्हा गोवेकरांना निराळे सांगायला नको.

मी नागपूरला एका कार्यक्रमासाठी गेलो होतो, तिथून ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे दोन दिवसांसाठी बालाघाटला गेलो. यजमानांनी संध्याकाळी शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांशी गाठ घालून दिली. "हे आमचे गुरुजी. ख्रिस्ती आहेत, पण तुमच्या गोव्याकडच्यासारखे नाहीत हं," असे म्हणून. गुरुजी पंचाहत्तरीच्या पुढचे. मूळचे धमतरीकडचे, नोकरीमुळे खाणींच्या या पट्ट्यात आलेले आणि इथेच राहिलेले. तरुणपणी दोन वर्षे यवतमाळला शिकायला होते, म्हणून वऱ्हाडी वळणाची मराठी बऱ्यापैकी बोलत होते. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी झेवियरचे शव, फेस्त, इगर्जी यांची चौकशी केली आणि मग हसून म्हणाले, "तुमच्याकडे एवढे ख्रिस्ती आहेत की तुम्हाला आम्ही मोजायला सापडणार नाही. आम्ही मेनोनाइट."

मलाही तो शब्द नुसता वाचून ठाऊक होता. वाचकांपैकी अनेकांची स्थिती तीच असेल, म्हणून थोडे सांगतो.

सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेचे वारे सुटले तेव्हा ल्यूथरच्याही पुढे जाणारा एक पंथ निघाला. १५२५ साली झुरिकमध्ये काही तरुणांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. त्यांचे म्हणणे असे की तान्ह्या मुलाला काय कळते? धर्म हा जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने स्वीकारायचा. राज्यसत्तेने धर्मात पडू नये आणि ख्रिस्ताच्या अनुयायाने हातात शस्त्र धरू नये. या दोन गोष्टींमुळे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही बाजूंच्या सत्ताधीशांनी त्यांना जाळले, बुडवले. पुढे हॉलंडमधल्या मेनो सिमन्स नावाच्या पाद्रीने १५३६ साली आपले पद सोडले आणि या विखुरलेल्या लोकांची मोट बांधली. त्याच्या नावावरून मेनोनाइट. म्हणजे आपल्या गोव्यात इन्क्विझिशन आले त्याच काळात तिकडे ख्रिस्त्यांमधलेच हे मूठभर लोक ख्रिस्त्यांकडूनच छळ सोसत होते. अल्पसंख्य असणे ही त्यांची जुनीच सवय.

हे लोक मध्य भारतात आले ते दुष्काळामुळे. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यापाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला उत्तरेकडे छप्पन्नचा दुकाळ म्हणतात. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरून पडत होती. अमेरिकेतल्या मेनोनाइट शेतकऱ्यांनी धान्य आणि पैसा गोळा करून पाठवला. १८९९ साली त्यांची पहिली तुकडी आली आणि रायपूरच्या दक्षिणेला धमतरी इथे तिने मुक्काम केला. दुसऱ्या एका मेनोनाइट शाखेने लगेच त्यानंतर चांपा आणि जांजगीरकडे काम सुरू केले. अनाथालय, दवाखाना, कुष्ठरोग्यांसाठी वस्ती आणि शाळा, हा क्रम सगळीकडे सारखा. याच दुष्काळात आपल्या पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या होत्या आणि तिथल्या निराधार मुली सोबत घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनचा पाया त्या मुलींनी भरला. पुढे रमाबाईंच्या मराठी बायबलची छपाईही मुक्तीमधल्या मुलींच्याच हातून झाली. एकाच दुष्काळाची पोरकी मुले. काही मराठी वाचायला शिकली, काही हिंदी.

आणखी एक योगायोग. नारायण वामन टिळक धर्मांतरापूर्वी नोकरीसाठी राजनांदगावला चालले होते. आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले. ती हकीकत लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मुळे घराघरात ठाऊक आहे. नागपूरहून राजनांदगावला जाणारा तो लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतका मोठा प्रवाह ज्या रुळांवरून वळला, तिथून बालाघाट हाकेच्या अंतरावर आहे.

असो. मुद्दा गुरुजींचा. बोलता बोलता ते म्हणाले ते वाक्य मी विसरू शकलेलो नाही. "आमच्या मुलांना शाळा आहे हो. पण शिकवण नाही."

मी विचारले, म्हणजे काय?

त्यांनी नातवाची गोष्ट सांगितली. नातू सहावीत, शहरातल्या इंग्रजी शाळेत. वर्गातल्या एका दांडगट मुलाने त्याला दोन-तीनदा मारले. मुलाच्या बापाने सांगितले, तूही एक ठेवून दे. वर्गशिक्षिकेने सांगितले, बघून घे. मुलगा आजोबांकडे आला आणि विचारू लागला, "आजोबा, आपण मारायचं नाही असं तुम्ही म्हणता. का नाही मारायचं?" गुरुजी म्हणाले, "मी गांधीजींचं नाव घेऊन सुटलो. शाळेच्या पुस्तकात ते आहेत, मुलाला ते पटलं. पण रात्री झोप आली नाही. आमच्या घरात ही गोष्ट गांधीजींच्या आधीपासून आहे. माझ्या आजोबांना अनाथालयात पहिली शिकवली गेली ती हीच. आणि मला ती माझ्या नातवाला सांगता येत नाही, कारण ती मी विसरलो नाही तरी सांगण्याची भाषा विसरलो."

शिक्षणाच्या प्रश्नावर मी आजवर बरीच व्याख्याने ऐकली आहेत आणि काही दिलीही आहेत. पण प्रश्न इतक्या नेमकेपणाने मांडलेला क्वचितच ऐकला.

हे असे का झाले, याचा मी नंतर विचार करीत राहिलो. जुन्या धमतरीची व्यवस्था डोळ्यांपुढे आणा. मिशनने बालोदगहन नावाचे एक गावच मालगुजारीने घेतले होते आणि अनाथालयातून मोठ्या झालेल्या मुलांना तिथे शेतीला लावले होते. शाळा, देऊळ म्हणजे चर्च, शेत, दवाखाना आणि घर, सगळे एका हाकेत. शाळेत जे शिकायचे त्याचाच अर्थ रविवारी चर्चमध्ये कळायचा आणि त्याचाच वापर सोमवारी शेतात व्हायचा. त्या काळात छत्तीसगडच्या खेड्यात सुतारकाम शिकलेला, हिशेब लिहिणारा मुलगा आणि वाचता येणारी मुलगी ही मोठीच गोष्ट होती. शिवाय हा मुलूख अहिंसेला अपरिचित नव्हता. धमतरीजवळच्या कंडेल गावी १९२० साली कालव्याच्या पाणीपट्टीवरून झालेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे. शिकवणीला बाहेरून आधार होता आणि घरातूनही.

मग शिकलेली मुले गावात राहिली नाहीत. राहणारही नव्हती, शिकवण्याचा हेतूच तो होता. कोणी परिचारिका झाली, कोणी मास्तर, कोणी रेल्वेत, कोणी भिलाईच्या पोलाद कारखान्यात. कोणी बालाघाट-मलाजखंडच्या खाणपट्ट्यात, कोणी नागपूर-पुण्यात. शहरात आल्यावर एका गावाचे लोक दहा गावांत पांगले. धमतरीत जे शेकड्यांनी होते ते इतर शहरांत बोटांवर मोजण्याइतके झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मध्य प्रदेशात सगळे ख्रिस्ती मिळून लोकसंख्येच्या ०.२९ टक्के, म्हणजे सव्वासात कोटींत दोन लाखांहून थोडे अधिक. आपल्या गोव्यात हेच प्रमाण २५ टक्के आहे. त्या ०.२९ मध्ये कॅथलिक आले, मेथडिस्ट आले, ल्यूथरन आले. त्यात मेनोनाइट किती? गुरुजींच्या गल्लीत एकच घर. रविवारी ते दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये जातात. तिथले लोक प्रेमाने वागवतात, पण शस्त्र न धरण्याची आणि जाणत्या वयातल्या बाप्तिस्म्याची गोष्ट तिथे कोण कशाला सांगेल? त्यांची ती परंपराच नव्हे.

त्यातच आणखी एक रेघ आडवी आली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. धमतरी, चांपा, जगदीशपूर ही मेनोनाइटांची सगळी जुनी ठाणी त्या राज्यात गेली आणि बालाघाट इकडे उरले. त्यांच्या संस्था एका राज्यात, हे दुसऱ्यात. धर्मशिक्षणाची मोठी संस्था तिसऱ्यात, कारण यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी, जिच्या उभारणीत मेनोनाइटही सहभागी होते, ती १९८३ मध्ये पुण्याला बिबवेवाडीत गेली. बालाघाटच्या मराठी माणसाचे १९५६ साली जे झाले तेच गुरुजींच्या समाजाचे २००० साली झाले. दोघांच्याही शाळा रेघेच्या पलीकडे राहिल्या.

इथे काही वाचकांच्या मनात एक प्रश्न आला असेल, तो मी टाळणार नाही. दुष्काळात अनाथ मुलांना जेवू घालायचे आणि त्यांचा धर्म बदलायचा, हे योग्य होते का? हा प्रश्न या मुलखात नवा नाही. जुन्या मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली नागपूरचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली होती. १९५६ मध्ये तिचा अहवाल आला आणि १९६८ मध्ये त्या राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. भुकेल्याच्या संमतीला किती अर्थ असतो, हा प्रश्न विचारायलाच हवा. माझ्या मते जाणत्या वयात, मोकळ्या मनाने धर्म घ्यावा असे मानणाऱ्या पंथाने तर तो स्वतःला सर्वांत आधी विचारायला हवा. पण तो प्रश्न १८९९ च्या मिशनऱ्याला विचारायचा आहे. आज सहावीत असलेल्या, चौथ्या-पाचव्या पिढीतल्या मुलाला तो विचारून काय उपयोग? तो या देशाचा नागरिक आहे, त्याला चांगले शिक्षण हवे आहे आणि आपल्या घरात काय मानतात ते का मानतात, हे त्याला कळायला हवे आहे. गोव्यातल्या कॅथलिकांना आपण रोज पोर्तुगिजांचा जाब विचारत नाही. विचारू नयेच.

आता कायद्याकडे वळू. घटनेच्या तिसाव्या कलमाने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. मोठा हक्क आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरवले की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्य संस्थांना लागू होत नाही. म्हणजे दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. पण या हक्काने अल्पसंख्याकांच्या मुलांची गरज भागते का? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये एक अहवाल दिला. त्यानुसार धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्त्यांचे प्रमाण साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, पण धार्मिक अल्पसंख्याकांच्या शाळांपैकी जवळजवळ बहात्तर टक्के शाळा त्यांच्या. आणि त्या शाळांतल्या विद्यार्थ्यांपैकी चौऱ्याहत्तर टक्के ख्रिस्ती नसलेले.

या आकड्यांवरून अनेकांनी ख्रिस्ती संस्थांवर टीका केली. मला त्यात टीकेसारखे फारसे दिसत नाही. शाळा सर्वांसाठी उघडी असणे हे चांगलेच. आपल्यापैकी किती जण कॉन्व्हेंटात शिकले, ते आठवा. मला खटकते ते वेगळेच. जी शाळा एका गरीब समाजाच्या मुलांना वर काढण्यासाठी निघाली, ती पुढे इतकी चांगली आणि महाग झाली की त्याच समाजातल्या शहरात आलेल्या शिपायाच्या, परिचारिकेच्या, खाणकामगाराच्या मुलाला ती परवडेनाशी झाली, असे ठिकठिकाणी होते. हक्क संस्थेचा राहिला आणि गरज मुलाचीच राहिली. दोन्ही एकच आहेत असे आपण समजत आलो.

सरकारी मदत तरी? अल्पसंख्य विद्यार्थ्यांसाठी केंद्राने २००८ पासून मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती दिली. २०२२ मध्ये ती पहिली ते आठवीच्या मुलांसाठी बंद करून फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत असल्याचे कारण दिले गेले. त्याच वर्षाअखेरीस उच्च शिक्षणासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. दलितांमधून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शीख आणि बौद्धांना त्या नंतर मिळाल्या, ख्रिस्ती-मुसलमानांना नाही. आदिवासींचे तसे नाही, धर्म बदलला तरी त्यांचा दर्जा राहतो. म्हणजे एकाच चर्चच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला शिष्यवृत्ती मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. फी मात्र दोघांना सारखीच.

आणि भाषा? इथे मला माझेच एक जुने पाप कबूल केले पाहिजे.

गोव्यात १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना निर्णय झाला की सरकारी अनुदान कोकणी किंवा मराठीतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच मिळेल. चर्चच्या शाळांनी मग कोकणी माध्यम पत्करले. २०११ मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी शाळांनाही अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन पेटले. मी त्या सभांना जात होतो, घोषणाही देत होतो. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण हे माझे मत आजही आहे, त्यात तसूभर बदल नाही. पण त्या दिवसांत आमच्या तोंडी एक वाक्य सारखे असायचे, की या पाद्रींच्या लोकांना भाषेचे काय पडले आहे. आज त्या वाक्याची लाज वाटते. भाषेचे त्यांना पडलेले नसते तर राशोलच्या सेमिनारीत फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापून दिलेच नसते. आणि आम्हाला एवढे पडले आहे तर आमच्या मराठी सरकारी शाळा पटावर मुले नाहीत म्हणून एकामागून एक का बंद पडल्या? आंदोलनात पुढे असलेल्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हे मोजायला कोणी बसले नाही, हे आमचे नशीब.

बालाघाटला मला कळले ते असे. आपली भाषा सोडा असे गुरुजींच्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. पण इंग्रजी शाळेत घातले नाही तर मुलगा मागे पडेल ही भीती त्याला होती, आणि ती खोटी नव्हती. शहरात ज्याच्याकडे जमीन नाही, जातभाईंचा गोतावळा नाही, मतांचे वजन नाही, त्याच्याकडे मुलासाठी एकच भांडवल असते, आणि ते शिक्षण. तो ते बाजारात सर्वांत जास्त किंमत येईल अशाच रूपात घेणार. त्याला मातृभाषेचे व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल जेव्हा मातृभाषेतली शाळा त्याच्या भीतीचे उत्तर देईल. तिथे इंग्रजीही नीट शिकवले जाईल आणि गणितही.

यजमानांच्या घरचेही तेच. त्यांची मुले घरात मराठी बोलतात, पण लिहिता-वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय व्हावी म्हणून राज्यांनी प्रयत्न करावा, असे घटनेचे ३५०-अ कलम सांगते. ते १९५६ सालीच, राज्य पुनर्रचनेबरोबर घटनेत आले. म्हणजे ज्या वर्षी बालाघाटचा मराठी माणूस अल्पसंख्य झाला त्याच वर्षी त्याच्यासाठी कलमही आले. कलम अजून आहे. मराठी घरात उरली आहे, पुस्तकातून गेली आहे. गुरुजींचा पंथ आणि यजमानांची भाषा, दोन्ही एकाच गल्लीत एकाच रोगाने आजारी.

मग करायचे काय? मूठभरांसाठी कोणी शाळा काढू शकत नाही. काढू नये, असेही मी म्हणेन. एका गल्लीतल्या एका घरासाठी वेगळी शाळा म्हणजे त्या मुलाला चार भिंतींत कोंडणे. शाळा सर्वांची असावी. सर्वांच्या शाळेत जे मिळणार नाही ते आठवड्यातून दोन तास बाहेर मिळावे, एवढी सोय पुरे. आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीत हेच झाले नाही का? १६८४ मध्ये व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुढे सरकारी शिक्षण पोर्तुगीजमधून. तरी देवळाच्या मंडपात, कोणाच्या तरी ओसरीवर मराठी पंतोजी बसत राहिले आणि बाळबोध घोकून घेत राहिले. अनुदान नव्हते, परवानगीही धड नव्हती. मंडपातली ती शाळा लहान होती म्हणून टिकली. तिला ठाऊक होते की आपल्याला सगळे शिकवायचे नाही, हरवू नये एवढेच शिकवायचे आहे.

आणि इगर्जीच्या आवारातल्या पाद्रीच्या शाळेत गोव्याच्या मुलांना सोल्फेज शिकवत, त्यातून पुढे भारतभर नाव काढणारे वादक निघाले. तिथेही मुख्य शाळा दुसरीकडे होती. संध्याकाळची ही शाळा जोडीला होती.

गुरुजींच्या समाजाने तीन गोष्टी कराव्यात असे मला वाटते. बाहेरच्या माणसाचा आगाऊपणा म्हणून ते माफ करतील. पहिली, धमतरीसारख्या जुन्या ठिकाणच्या संस्थांनी आपल्या उत्पन्नातला ठरावीक वाटा शहरात पांगलेल्या आपल्याच गरीब मुलांच्या फीसाठी आणि वसतिगृहासाठी बाजूला काढावा. राज्याची रेघ सरकारला अडवते, चर्चला अडवण्याचे कारण नाही. दुसरी, पाद्री तयार करताना त्याला शहराचे शिक्षण द्यावे. खेड्यातल्या मंडळीला एक पाद्री पुरत होता. शहरात त्याच्यापुढे बसलेला माणूस इंजिनिअर असेल, परिचारिका असेल, बारा तास पाळी करून आलेला असेल, त्याच्या मुलाचे प्रश्न वेगळे असतील. पोलिसात भरती व्हावे की नाही, एनसीसीत जावे की नाही, असे प्रश्न शस्त्र न धरणाऱ्या घरातला मुलगा विचारतो तेव्हा पाठ केलेले उत्तर चालत नाही. तिसरी आणि सर्वांत स्वस्त, आपल्या गोष्टी मुलांना कळेल अशा हिंदीत, मराठीत, छत्तीसगढीत लिहून काढाव्यात. इंग्रजीत सगळे असते. इंग्रजीत असलेले आजोबा नातवाला वाचून दाखवत नाहीत.

आणि आपण? गोव्यात मराठी जगवायची म्हणतो त्या आपण काय करायचे? मला वाटते, अनुदानाच्या भांडणातून थोडी उसंत काढून ओसरीवरची शाळा पुन्हा सुरू करावी. नातू इंग्रजी शाळेत जातो तर जाऊ दे. शनिवारी संध्याकाळी दोन तास तो मराठी वाचतो का? आजीला बोलावून चार मुलांना एकत्र बसवायला कोणाची मंजुरी लागते? सरकारकडून मागायचे ते मागूच. पण जे मागून मिळत नाही तेही काही असते.

निघण्याच्या आदल्या रात्री गुरुजींनी मला जेवायला बोलावले. जेवण झाल्यावर त्यांनी नातवाला जवळ घेतले आणि मला म्हणाले, "तुम्ही आहात तर आज प्रयत्न करतो." मग त्यांनी डर्क विलेम्सची गोष्ट सांगितली. १५६९ साल. हॉलंडमधला हा माणूस जाणत्या वयात बाप्तिस्मा घेतल्याच्या गुन्ह्याखाली कैदेत होता. खिडकीतून उतरून पळाला. पाठलाग करणारा पहारेकरी मागे. वाटेत गोठलेले तळे लागले. डर्क कैदेत खाऊन-न खाऊन हडकुळा झालेला, तो बर्फावरून पार गेला. मागचा पहारेकरी धष्टपुष्ट, त्याच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो पाण्यात बुडू लागला. डर्क सुटला होता. तो मागे फिरला आणि त्याने पहारेकऱ्याला हात देऊन बाहेर काढले. मग त्यालाच पकडण्यात आले आणि जिवंत जाळण्यात आले.

गुरुजी अडखळत होते. बर्फाला, पहारेकऱ्याला, तळ्याला शब्द शोधत होते. हिंदीतून मराठीत, मराठीतून छत्तीसगढीत जात होते. मुलगा मात्र डोळे विस्फारून ऐकत होता. गोष्ट संपल्यावर थोडा वेळ तो गप्प राहिला. मग त्याने विचारले, "आजोबा, आपली वैनगंगा कधी गोठते का?"

गुरुजी म्हणाले, "नाही रे बाळा. पण पुरात माणसं पडतात."

मुलाने मान डोलावली. त्याला काय कळले ते त्याचे त्याला ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी गोंदियाची गाडी धरताना माझ्या मनात आले, दहा मिनिटांची ही शाळा काल रात्री भरली, तिला ना तिसावे कलम लागले ना अनुदान. एक म्हातारा लागला, ज्याने लाज सोडून अडखळत का होईना, तोंड उघडले.